तोरणमाळची 'परग्रह नाइट': ग्रह दिसत नाही, तरी जाऊन या

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. जेवण पाचपैकी पाच, टेलिस्कोपवाली टीम साडेचार, तंबू दोन, आणि जाहिरात शून्य. शून्य का ते खाली येईलच.

तर दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला एक प्रायव्हेट ग्रुप आकाशदर्शनाचा कॅम्प लावतो. नाव लिहीत नाही, कारण अर्धा रिव्ह्यू तक्रारीचा आहे आणि त्या पोरांचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. माणशी बावीसशे रुपये, त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, तंबू आणि मध्यरात्र उलटेपर्यंत आकाश. येणंजाणं आपलं आपण. पोस्टरवर एक निळाशार गोळा, त्यावर पांढरे पट्टे, आणि खाली ठळक अक्षरात 'दुसऱ्या सूर्याचा ग्रह स्वतःच्या डोळ्यांनी बघा'. माझा भाचा आठवीत आहे, त्याला हे व्हॉट्सॲपवर दिसलं आणि मामा चला ना मामा चला ना करून त्याने भाऊबीजेच्या दिवशी माझं डोकं खाल्लं, शेवटी ताईच म्हणाली ने बाबा याला एकदाचा.

आता तो निळा गोळा. ग्रहाचं नाव एचडी १८९७३३ बी. नाव कसलं, गाडीचा नंबर वाटतो, पण ग्रह भारी आहे. जंबुक तारकासमूहातल्या एका नारिंगी ताऱ्याभोवती फिरतो, आपल्यापासून साधारण ६५ प्रकाशवर्षं लांब, २००५ साली फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतनं सापडला. आकाराने गुरूपेक्षा थोडा मोठा, वजनालाही थोडा जास्तच. आणि तो आपल्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे की अंतर जेमतेम ४६-४७ लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून पावणेसहा कोटींच्या वर असतो, म्हणजे बुधाच्याही बारापट आत घुसून बसलाय हा. त्याचं वर्ष सव्वादोन दिवसांत संपतं. सोमवारी सकाळी नवीन वर्ष लागलं की बुधवारी दुपारी परत नवीन वर्ष, कॅलेंडर छापणाऱ्याची चांदी.

असा ग्रह टेलिस्कोपमधून दिसत नाही. तिथे ठेवलेल्या टेलिस्कोपमधनं नाही, अवकाशात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीमधनंही गोळा म्हणून दिसत नाही. ताऱ्याच्या उजेडात तो पार बुडालेला आहे. पोस्टरवरचं चित्र कुणा कलाकाराने काढलेलं. असल्या ग्रहांची आपण नेटवर बघतो ती जवळपास सगळीच चित्रं काढलेली असतात, फोटो नसतात. काही परग्रहांचे खरे फोटो आहेत, एचआर ८७९९ या ताऱ्याच्या ग्रहांचे २००८ मध्ये आले होते, पण ते ग्रह ताऱ्यापासून भरपूर लांब, वयाने लहान आणि अजून आतनं गरम आहेत म्हणून जमलं, आणि फोटोत तेही ठिपकेच. त्यामुळे 'स्वतःच्या डोळ्यांनी बघा' हे सरळसरळ खोटं आहे आणि त्याला शून्यच मार्क मिळणार. आमच्यासोबत धुळ्याचे एक काका होते, आयपीसला डोळा लावला, बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाले "माले ते काहीच दिसनं नही भो, पैसा परत द्या." बरोबर होतं त्यांचं.

पण खरी गंमत त्यानंतर आहे आणि ती या लोकांनी पोस्टरवर लिहिलेलीच नाही, म्हणून तर चीड येते.

झालं असं की मोठ्या टेलिस्कोपपाशी लाइन लागली होती तेव्हा बाजूला एक छोटा टेलिस्कोप कधीचा एकटाच चालू होता. त्याला डोळा लावायची सोयच नाही, मागे कॅमेरा आणि कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला. लॅपटॉपवर एक ताई बसली होती, स्क्रीनला लाल कागद चिकटवलेला, लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही म्हणून. दर मिनिटाला फोटो निघत होता आणि सॉफ्टवेअर त्या नारिंगी ताऱ्याचा उजेड शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी ताडून एक ठिपका मांडत होतं. शेजारचे तारे कशाला, तर तारा खाली उतरत जातो तसा त्याचा उजेड जास्त हवेतनं येतो, मधेच धुरकट झालं तर सगळेच मंदावतात, मग ग्रहामुळे मंदावला की हवेमुळे हे कळणार कसं? शेजाऱ्यांशी तुलना केली की हवेचा हिशोब वजा होतो.

सात वाजल्यापासून ठिपके एका सरळ पट्ट्यात येत होते, थोडे वर, थोडे खाली, काही अगदीच भरकटलेले. आठच्या आसपास पट्टा वाकायला लागला. आधी वाटलं उगीच वाटतंय. मग पाच-सात ठिपके ओळीने खाली गेले आणि ताई नुसतं म्हणाली, "शिरला." म्हणजे ग्रह ताऱ्याच्या तोंडासमोर आला. उजेड साधारण २.४ टक्क्यांनी कमी झाला आणि पुढे तसाच कमी राहिला. हे सगळं पावणेदोन तासांच्या आसपास चालतं आणि मग ठिपके परत वर चढतात. तोपर्यंत मोठ्या टेलिस्कोपची लाइन मोडून निम्मे लोक लॅपटॉपमागे उभे होते, आणि पैसे परत मागणारे काका सगळ्यात पुढे, "आते वर येवाले पाहिजे ना?" असं दर दोन मिनिटांनी विचारत. शेवटचे ठिपके वर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! ग्राफला!

हे विका ना भाऊ. 'दुसऱ्या सूर्यावरनं ग्रह जाताना त्याचा उजेड कमी होताना बघा' असं लिहा. ६५ प्रकाशवर्षांवरचा ग्रह आपल्या सातपुड्यात बसून पकडता येतो हे काय कमी आहे का, त्यासाठी खोटा निळा गोळा कशाला लागतो?

आणि हाच ग्रह का निवडला त्याला कारण आहे, ते त्या ताईने चांगलं सांगितलं. आपल्या सूर्यासमोरनं गुरू गेला तर उजेड जेमतेम एक टक्का कमी होईल. पण हा तारा सूर्यापेक्षा लहान आहे, पाऊणपटीहून किंचित मोठा, आणि ग्रह गुरूपेक्षा मोठा, म्हणून ग्राफमधला खड्डा खोल पडतो. वर तारा तसा ठळक आहे. नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, पण साध्या दुर्बिणीत येतो, आणि डंबेल नेब्युला नावाच्या वायूच्या ढगाच्या अगदी शेजारी असल्याने शोधायला सोपा. हौशी लोकांसाठी इतकं सोयीचं गिऱ्हाईक आकाशात फार कमी. फक्त सव्वादोन दिवसांनी एकदा तो समोरनं जातो आणि तो वेळ आपल्याकडे दिवसा पडला तर काय उपयोग, म्हणून कॅम्पची तारीख ग्रह ठरवतो, वीकेंड नाही. आमचा कॅम्प आडवारी होता त्याचं कारण हे, आणि तारखेबद्दल कटकट करणाऱ्यांनी हे समजून घ्या. दिवाळीनंतरचे दिवस अजून एका कारणाने बरे, लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते त्यामुळे पुढचे तीन-चार दिवस चंद्राची कोर लवकर मावळते आणि आकाश आपलं.

भाच्याने प्रश्न विचारला तो मला आवडला. "मामा, हा उजेड आत्ता कमी झाला की तेव्हा?" तेव्हा. म्हणजे महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं त्या सुमाराला तिथनं निघालेला उजेड त्या रात्री लॅपटॉपवर पोचत होता. कॅम्पचा मुख्य बोलणारा दादा मात्र माइकवर सारखं 'लाइव्ह, लाइव्ह' म्हणत होता. असो.

या दादाबद्दल थोडं. बोलतो छान, आवाज आहे, पोरांना हसवतो, पण मीठमसाला फार. ग्रह निळा आहे हे त्याने सांगितलं ते खरं आहे. २०१३ मध्ये हबलने ग्रह ताऱ्याच्या मागे जाताना मोजलं, तेवढ्या वेळात निळा उजेड घटला, बाकीचे रंग तसेच राहिले, म्हणजे निळा उजेड ग्रहाकडनं येत होता. पण मग तो म्हणाला तिथे समुद्र असतील. अरे बाबा कसले समुद्र. तो वायूचा गोळा आहे, हायड्रोजन आणि हेलियम, उभं राहायला जमीनच नाही. निळा रंग येतो तो हवेत वर तरंगणाऱ्या बारीक सिलिकेटच्या कणांमुळे असं समजतात, म्हणजे ज्या मालाची काच बनते तो माल. त्यावरनं 'काचेचा पाऊस' ही गोष्ट निघाली. हा पाऊस कुणी पडताना बघितलेला नाही, कण आणि वारा यांवरनं बांधलेला अंदाज आहे, दादाने मात्र असा सांगितला की जणू काल अंगावर घेऊन आलाय.

वारा मात्र मोजलेला आहे. २०१५ मध्ये ग्रहाच्या दोन्ही कडांवरचा वेग वेगवेगळा मोजला गेला तर आकडा आला ताशी साधारण ८,७०० किलोमीटर, सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर. भुसावळहून सुटलेला वारा दहा-बारा सेकंदांत जळगाव ओलांडेल. हे मी तिथे बोललो तर बाजूच्या बाई म्हणाल्या मग आमच्या केळीच्या बागांचं काय उरलं असतं. वादळाने केळी झोपली की काय होतं ते रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको.

उन्हाचंही असंच. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने या ग्रहाचा तापमानाचा नकाशा काढला, परग्रहाचा असा नकाशा पहिल्यांदाच निघाला. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, तरी रात्रीच्या बाजूला ६५० च्या आसपास आणि दिवसाच्या बाजूला ९३० च्या आसपास डिग्री सेल्सिअस निघाले. जिथे कधीच ऊन पडत नाही तिथे ६५०! कारण तोच वारा, गरम हवा ओढून मागे नेतो. आणि सगळ्यात तापलेली जागा ताऱ्याच्या बरोब्बर समोर नाही, पूर्वेला सरकलेली सापडली, तीही वाऱ्यामुळेच. ही गोष्ट दादाने सांगितलीच नाही, मला विचाराल तर काचेच्या पावसापेक्षा ही जास्त भारी आहे.

वासाचा विषय निघाला तेव्हा पोरं खूश. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला या ग्रहाच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड सापडला, सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस. नेमकं त्याच वेळेला टॉयलेटच्या बाजूने वारं सुटलं आणि पुढचं सांगत नाही. टॉयलेट दोनच होते आणि लोक पन्नासच्या आसपास.

मग एका काकांनी विचारलं याची साडेसाती कुणाला. दादाने हसून सांगितलं की काका, तो स्वतःच साडेसातीत आहे. हे उत्तर मात्र फर्स्ट क्लास. खरंच आहे, ताऱ्याच्या इतका जवळ राहिल्याने त्याची वरची हवा उडून अवकाशात जाते आहे.

वायूचाच गोळा आहे हे कशावरनं, हा प्रश्न मीच विचारला. दादा गडबडला, लॅपटॉपवाल्या ताईने सांभाळलं. खड्ड्याच्या खोलीवरनं ग्रहाचा आकार कळतो. आणि ग्रह फिरताना ताऱ्यालाही थोडं हलवतो, ते ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्टीत, म्हणजे वर्णपटात, मोजता येतं, त्यावरनं वजन कळतं. वजन भागिले आकारमान केलं की घनता, ती निघते पाण्याच्या जवळपास. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, म्हणजे दगडमातीचा ग्रह असता तर आकडा असा आलाच नसता. चार वाक्यांत विषय संपला. पुढच्या वेळी माइक हिच्याकडे द्या, ही माझी कळकळीची विनंती.

तिनेच मग भाद्रपदांचा चौकोन दाखवला आणि त्याच्या पश्चिमेच्या बाजूलगत, थोडा बाहेर, एक बारका तारा शोधायला लावला. ५१ पेगासी. तोरणमाळच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना कष्ट पडले, पोराला लगेच दिसला. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना याच ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह सापडला, ४.२ दिवसांत फेरी मारणारा, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिलाच. तोवर समज असा की मोठे वायुग्रह ताऱ्यापासून लांबच असणार, आपल्याकडे तसंच आहे ना. हा इतका जवळ कसा? लांब तयार होऊन आत सरकत आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या शोधाला २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आणि आता सप्टेंबर २०२५ पर्यंत पक्के झालेले परग्रह सहा हजारांच्या वर. आपले लोकही आहेत यात, अहमदाबादच्या पीआरएल म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची टीम माउंट अबूच्या गुरुशिखरावरनं पारस नावाचं उपकरण लावून काम करते, त्यांनी २०२१ मध्ये टीओआय १७८९ बी हा असाच तापलेला वायुग्रह जाहीर केला. कॅम्पमध्ये याचा उल्लेखही नव्हता. नासा नासा करत राहिले. अबू आपल्या नंदुरबारहून गुजरात ओलांडलं की आलंच की, ते सांगायला काय जातं.

बाकी आकाश मस्त. अभिजित, श्रवण, हंस तिन्ही झगझगीत, आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट, मोठ्या टेलिस्कोपमधून शनी आणि देवयानी दीर्घिका दाखवली, लोक ओरडत होते शनीला. यावर जास्त लिहीत नाही, कुठल्याही आकाशदर्शनात हे असतंच.

तंबूंना दोन का. एक तर गाद्या पातळ, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, आपल्याकडे खाली पंखा लागत असतो त्या दिवसांत तिथे पहाटे दात वाजतात, एक पांघरूण पुरत नाही. दुसरं म्हणजे तंबूंच्या बाजूला पांढरा हॅलोजन रात्रभर चालू. अंधारासाठी पैसे घेता आणि हॅलोजन लावता? सांगितल्यावर बंद केला, मग कुणीतरी साप-विंचवाचं नाव काढलं आणि परत लागला. जमिनीलगत लाल दिवे लावा की, दोन्ही प्रश्न सुटतात. मोबाइलचे फ्लॅश मारणारे पाहुणे हा वेगळाच विषय, त्यात आयोजकांचा दोष नाही, आपलाच आहे.

जेवण. इथे तक्रारीला जागाच नाही. भरीत होतं आणि ते खरं भरीत होतं, हिरवी पांढरट वांगी तुरकाठ्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वरनं पातीचा कांदा आणि शेंगदाणे, मिरची अशी की नाक वाहायला लागलं. सोबत कळण्याची भाकरी, पुरी, आणि शेवभाजी. वाढणारी माणसं आग्रहाने वाढत होती. फक्त वेळ चुकली. जेवणाची हाक आली ती बरोबर ग्रह ताऱ्याच्या मधोमध असताना, त्यामुळे अर्धे लोक ताट घेऊन लॅपटॉपपाशी. एकाने भरिताच्या हाताने टचपॅडला हात लावला. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जेवण सातच्या आधी नाहीतर दहानंतर ठेवा.

सकाळी पोह्यांसोबत प्रत्येकाला त्या ग्राफची प्रिंट दिली, तारीख-वेळेसकट. छान कल्पना. भाच्याने शाळेत नेली, सरांनी म्हणे वर्गात लावली. पोस्टर छापता तर हीच प्रिंट छापा, लोक येतील, नाही आले तर मला सांगा.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर संपत आला की हा तारा संध्याकाळीच पश्चिमेला उतरलेला असतो, मग अख्खा खड्डा मिळणं अवघड, त्यामुळे बुकिंग करायचं तर दिवाळीच्या आसपासचंच करा आणि त्या रात्री ग्रह समोरनं जाणार आहे ना, किती ते किती, हे फोनवर आधी विचारा. वेळ सांगता आली नाही तर पैसे भरू नका. स्वेटर-कानटोपी न्या, लहान पोरं असतील तर दोन चादरी जास्तीच्या. टॉर्चला लाल जिलेटिन लावून न्या. भुसावळ-जळगावकडनं येणाऱ्यांनी चोपडा-शिरपूर-शहादा धरा, रस्त्याबद्दल न बोललेलं बरं, आणि पेट्रोल शहाद्यालाच फुल करा. घाट उजेडात चढा, वळणं अवघड आहेत.